पाच टर्नचा पाऊस

जुलैतला रविवार. कामशेतला सकाळपासून पाऊस कोसळत होता, लाइट गेलेली, आणि माझा धाकटा भाऊ मोबाइलच्या उरलेल्या चार्जिंगवर पोकेमॉन शोडाऊन खेळत बसला होता. खिडकीबाहेर पाऊस आणि स्क्रीनवरही पाऊसच.

"ताई, माझी रेन टीम बघ. पावसात हिला कोणी हरवूच शकत नाही."

"आणि पाऊस थांबल्यावर?"

"थांबू द्यायचाच नाही ना!"

मी हसले, पण ते हसू फार टिकलं नाही. कारण साधारण वर्षभरापूर्वी, माझ्या प्रगती सेमिनारमध्ये, समितीसमोर उभं राहून मी जवळपास हेच उत्तर दिलं होतं. शब्द जरा भारदस्त होते, एवढंच. तो किस्सा पुढे सांगते. आधी गेमकडे येऊ. पीएच.डी.च्या प्रवेश परीक्षेची किंवा संशोधन प्रस्तावाची तयारी करणाऱ्या तुम्हा मंडळींना मी एरवी पेपर वाचायला सांगते. आज एक टीम वाचायला सांगणार आहे.

ज्यांनी हा खेळ कधी पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. दोन खेळाडू, प्रत्येकाकडे सहा पोकेमॉन. प्रत्येक टर्नला दोघंही गुपचूप आपली चाल ठरवतात: हल्ला करायचा, की मैदानातला गडी बदलायचा. दोघांनीही हल्ला निवडला तर सहसा ज्याचा वेग जास्त त्याचा आधी. पाणी आगीला भारी, आग गवताला, गवत पाण्याला, असं अठरा प्रकारांचं कोष्टक आहे. १९९९ च्या गोल्ड आणि सिल्व्हर या गेमपासून त्यात हवामान आलं. पाऊस पडत असला की पाण्याच्या हल्ल्याची ताकद दीडपट होते आणि आगीच्या हल्ल्याची निम्मी. थंडर हा विजेचा हल्ला एरवी शंभरात सत्तर वेळा लागतो, पावसात तो नेम चुकत नाही. 'स्विफ्ट स्विम' हा गुण असलेल्या पोकेमॉनचा वेग पावसात थेट दुप्पट. त्यात पोकेमॉन आणि त्याचा हल्ला एकाच प्रकारचे असले तर आणखी दीडपट मिळते. म्हणजे पाण्याच्या गड्याने पावसात पाण्याचा हल्ला केला की मूळ ताकदीच्या सव्वादोनपट, तोही समोरच्याच्या आधी. हे ऐकून कोणालाही मोह होईल.

पाऊस आणायचं काम बहुतेक वेळा पेलिपर करतो. पेलिकनसारखा मोठ्या चोचीचा पक्षी आहे. 'ड्रिझल' या गुणामुळे तो मैदानात उतरला की पाऊस सुरू होतो.

रेन टीम कशी बांधावी यावर इंटरनेटवर ढिगाने लेख आणि व्हिडिओ आहेत, आणि बहुतेकांचा साचा एकच. पेलिपर घ्या. दोन-तीन स्विफ्ट स्विमवाले घ्या. थंडर किंवा हरिकेन मारणारा एक घ्या. पोलादी प्रकारचा एक घ्या, कारण त्याला आगीची भीती असते आणि पाऊस आग निम्मी करतो. मग डॅमेज कॅल्क्युलेटरचे आकडे: हा हल्ला त्या पोकेमॉनचं अमुक टक्के आयुष्य उडवतो, तमुकला एका फटक्यात पाडतो. भावाची टीमही अशीच होती. पेलिपर, बारास्क्यूडा, किंगड्रा, फ्लोटझेल, झॅपडोस आणि सायझर.

आकडे खोटे नसतात. कॅल्क्युलेटर तर इतका प्रामाणिक आहे की प्रत्येक हल्ल्याला ८५ ते १०० टक्क्यांमधले सोळा संभाव्य निकाल असतात, ते सगळे मांडून दाखवतो. माझी तक्रार वेगळी आहे. त्या प्रत्येक आकड्याआधी एक न लिहिलेलं वाक्य असतं: "पाऊस पडत असेल तर." आणि पाऊस किती वेळ पडत असेल, हा प्रश्न त्या लेखांत कुठे येतच नाही. आला तर एका ओळीत, "पाऊस पाच टर्न टिकतो" एवढाच.

मग आपणच मोजू. एकास एक लढत आहे आणि पेलिपर मागे बसलेला आहे असं धरा. पहिल्या टर्नला तुम्ही त्याला मैदानात आणता. गडी बदलणं हीच त्या टर्नची चाल, म्हणजे एक टर्न गेला. दुसऱ्या टर्नला त्याला मागे घेऊन बारास्क्यूडा पुढे आणता. दुसरा गेला. हल्ल्याला उरले तीन. समोरच्याने त्यातल्या एका टर्नला प्रोटेक्ट वापरून अंग चोरलं, की उरले दोन. पाच टर्नचा पाऊस म्हणजे हातात दोन-तीन फटके! सव्वादोनपट ताकदीचा आकडा या दोन-तीन फटक्यांपुरताच खरा आहे.

यावर तयार उत्तर असतं: डॅम्प रॉक. पेलिपरला हा दगड धरायला दिला की पाऊस पाचऐवजी आठ टर्न टिकतो. वरच्याच हिशेबाने हल्ल्याला सहा टर्न मिळतात, म्हणजे थेट दुप्पट. पण पोकेमॉनला एकाच वेळी एकच वस्तू धरता येते. समोरच्याने जमिनीवर स्टेल्थ रॉक पसरवले असतील तर पेलिपरसारख्या उडणाऱ्या, पाण्याच्या पोकेमॉनचं प्रत्येक प्रवेशाला पाव आयुष्य जातं. चार वेळा उतरला की जवळपास संपलाच. त्यापासून वाचवणारे हेवी-ड्यूटी बूट त्याच जागी बसतात जिथे दगड बसतो. दगड दिला तर प्रत्येक पाऊस लांबतो, पण पाऊस आणणारा लवकर मरतो. बूट दिले तर पाऊस तोकडा, पण पुन्हा पुन्हा आणता येतो. माझ्या मते रेन टीमचा खरा प्रश्न हा आहे, आणि टीमवरच्या लेखांत तो 'वस्तू: डॅम्प रॉक' अशा तीन शब्दांत उरकलेला असतो.

अजून एक गोष्ट ते लेख विसरतात. पाऊस पक्ष बघत नाही. समोरच्याकडे पाण्याचा पोकेमॉन असेल तर त्याचाही हल्ला दीडपट होतो. तुम्ही आणलेला पाऊस तोही वापरतो, फुकटात.

बरं, समोरच्याने स्वतःचं हवामान आणलं तर? एका वेळी एकच हवामान राहतं आणि शेवटी आलेलं टिकतं. लढतीच्या सुरुवातीला दोन्ही बाजूंचे हवामान आणणारे एकदम उतरले, तर वेगवान पोकेमॉनचा गुण आधी लागतो आणि हळू असलेल्याचा नंतर. म्हणजे जो हळू, त्याचं हवामान राहतं. पेलिपरचा मूळ वेग ६५ आहे. ऊन आणणाऱ्या नाइनटेल्सचा १००, म्हणून तिच्यासमोर पाऊस टिकतो. पण टॉर्कोल नावाचं कासव आहे, त्याचा वेग २०. ते समोर असेल तर तुमचा पाऊस पडता पडताच ऊन पडतं. वाळूचं वादळ आणणाऱ्या टायरानिटारचा वेग ६१, अगदी पेलिपरच्या शेजारी, त्यामुळे तिथे कोणी आपल्या पोकेमॉनचा वेग मुद्दाम किती कमी ठेवलाय यावर निकाल जातो. सगळीकडे वेग वाढवायला धडपडणाऱ्या खेळात इथे हळू असणं हा गुण ठरतो. मला हा नियम फार आवडतो.

आता थोडा इतिहास, कारण त्यात संशोधनाच्या विद्यार्थ्यांसाठी एक सुंदर उदाहरण दडलेलं आहे. २००२ च्या रुबी आणि सफायर गेममध्ये क्योगर या दंतकथेतल्या पोकेमॉनला ड्रिझल मिळालं. त्याने आणलेला पाऊस, दुसरं हवामान येईपर्यंत, थांबतच नसे. पण क्योगर इतका बलाढ्य की बहुतेक स्पर्धांत त्याला प्रवेशच नव्हता, त्यामुळे चाललं. २०१० पासूनच्या पिढीत तोच गुण पॉलिटोड या साध्या बेडकाला मिळाला. झालं! कायमचा पाऊस आणि त्यात दुप्पट वेगाचे मासे. स्मोगॉन या खेळाडूंच्या समुदायाने २०११ मध्ये आपल्या मुख्य गटासाठी नियम केला: एकाच टीममध्ये ड्रिझल आणि स्विफ्ट स्विम दोन्ही नकोत.

हा नियम नीट बघा. बंदी पॉलिटोडवर नाही. किंगड्रावरही नाही. दोन गुण एकत्र येण्यावर आहे. संख्याशास्त्राच्या पेपरात 'इंटरॅक्शन' नावाचा जो भाग आपण पाठ करून सोडून देतो, तो हाच. एकेक घटक सुटा तपासला तर दोन्ही निरुपद्रवी दिसतात, आणि परिणाम सगळा त्यांच्या जोडीत असतो. पुढे २०१३ च्या एक्स आणि वाय गेममध्ये निर्मात्यांनीच गुणामुळे येणारं हवामान पाच टर्नांवर आणलं. तेव्हा अनेकांना ही कात्री वाटली असेल. मला विचाराल तर हवामानाच्या नियमांत झालेला सगळ्यात शहाणा बदल हाच. पाऊस कायमचा होता तेव्हा तो लढतीची पार्श्वभूमी होता. पाच टर्नांचा झाल्यावर त्याला किंमत आली, तो कधी खर्च करायचा हे ठरवणं भाग पडलं.

एक पथ्य मात्र पाळा. मी वर केलेला तीन फटक्यांचा हिशेब एकास एक लढतीचा आहे. अधिकृत स्पर्धा दोनास दोन पद्धतीने होतात. तिथे पेलिपर आणि त्याचा जोडीदार पहिल्याच क्षणी शेजारी शेजारी उभे राहतात आणि पाचच्या पाच टर्न वापरता येतात. डिसेंबर २०२३ मध्ये आलेल्या आर्केलुडॉनचा इलेक्ट्रो शॉट एरवी एक टर्न ताकद साठवून मग सुटतो, पावसात लगेच सुटतो. दोनास दोनमध्ये ही जोडी गाजली ती उगाच नाही. म्हणजे 'रेन टीम कमकुवत आहे' असं मी म्हटलं तर तीही त्या लेखांसारखीच चूक होईल, फक्त उलट्या दिशेने.

वापराच्या आकडेवारीबद्दल दोनच वाक्यं. स्मोगॉन दर महिन्याला कोणता पोकेमॉन किती टक्के टीममध्ये होता ते जाहीर करतं, आणि विद्यार्थी सायटेशनचे आकडे वाचतात तसं खेळाडू ते वाचतात: जास्त वापर म्हणजे जास्त चांगला. २०१४ च्या जागतिक स्पर्धेत सेजुन पार्क जिंकला तेव्हा त्याच्या टीममध्ये पाचिरिसू नावाची एक खार होती, जिला तोवर कोणी गांभीर्याने घेत नव्हतं.

तर, भावाची टीम. तो म्हणाला, "वीस लढती खेळलो, तेरा जिंकलो. पासष्ट टक्के!" मी त्याला वहीच्या मागच्या पानावर गणित करून दाखवलं. वीसपैकी तेरा या निकालाशी जुळणारं खरं प्रमाण ४३ टक्क्यांपासून ८२ टक्क्यांपर्यंत कुठेही असू शकतं. नाणं उडवूनही असा निकाल येऊ शकतो. पाच टक्के इकडेतिकडे इतक्या नेमकेपणाने सांगायचं असेल तर चारशेच्या आसपास लढती खेळाव्या लागतील. त्याचा चेहरा पडला, मग खुलला. चारशे लढती खेळायला ताईची परवानगी!

मी म्हटलं, त्याआधी या वीस लढतींच्या रीप्ले बघ. त्याने बघितल्या, आणि संध्याकाळी शोध लावल्यासारखा आला. "हरलेल्या सातही लढतींत पेलिपर मेला होता. म्हणजे पेलिपर मेला की आपण हरतो."

इथे तुम्ही थांबा आणि स्वतः विचार करा, यात खोट कुठे आहे.

न सोडता हरलेल्या लढतीत सहाच्या सहा मरतात. हरणं म्हणजेच ते. मग 'हरलेल्या लढतींत पेलिपर मेला' या वाक्यात नवीन माहिती शून्य. निदान जिंकलेल्या लढतींशी तुलना तरी हवी. तीही त्याने केली, तर जिंकलेल्या तेरांपैकी नवांत पेलिपर मेलेलाच होता. मग त्याला मी दुसरं मोजायला सांगितलं: प्रत्येक लढतीत पावसाचे टर्न किती आणि कोरडे किती. हे मोजायला त्याला दोन दिवस लागले. वीस लढती मिळून निम्म्याहून जास्त टर्न कोरडे निघाले. ज्या टीमची सगळी निवड पावसासाठी केली होती, तिने निम्म्याहून जास्त आयुष्य पावसाबाहेर काढलं होतं. आणि त्या कोरड्या टर्नांत फ्लोटझेलचा उपयोग काय, असं विचारल्यावर तो बराच वेळ गप्प बसला.

आता माझा किस्सा. माझं काम मावळातल्या पावसाचं आणि ओढ्यांच्या पातळीचं आहे. लोणावळ्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि लोकलने साठ-पासष्ट किलोमीटर पुढे पुण्यात जेमतेम सातशे-साडेसातशे. घाटमाथ्यावर चढताना ढग रिकामे होत जातात. एवढ्या छोट्या अंतरात एवढा फरक, म्हणून हा पट्टा संशोधनाला उत्तम. मी पर्जन्यमापक लावले, ओढ्याच्या पातळीशी त्यांचा संबंध जोडणारं मॉडेल बसवलं, आणि ते इतकं छान बसलं की सेमिनारच्या आदल्या रात्री मी आलेख पुन्हा पुन्हा उघडून बघत होते.

समितीतल्या एका बाईंनी एकच प्रश्न विचारला. "नोंद नसलेले दिवस कोणते?" मी म्हटलं, थोडेच आहेत, ते वगळले. प्रोग्रॅममध्ये रिकाम्या ओळी काढून टाकणारी एक आज्ञा असते, तुम्हीही वापरत असाल. त्या म्हणाल्या, "किती आहेत ते नाही विचारलं. कोणते आहेत?"

मला माहीत नव्हतं. नंतर तारखा काढल्या, तर बहुतेक सगळे सगळ्यात जोराच्या पावसाचे दिवस. नरसाळ्यात पाला अडकून मापक तुंबायचा तो तेव्हाच. शिवाय माझे मापक छोट्या बादलीचे. बादली भरली की कलंडते आणि एक नोंद होते. पाऊस फार जोरात आला की कलंडण्याच्या वेळात पडणारं पाणी मोजलंच जात नाही, म्हणून ज्या नोंदी होत्या त्याही कमी भरत होत्या. माझं मॉडेल मध्यम पावसाचं होतं आणि मी ते मुसळधार पावसावर बोलायला उभं केलं होतं. ओढ्याकाठच्या घरांना मध्यम पावसाशी काही घेणंदेणं नसतं. पाणी उंबऱ्याला कधी लागेल, हा त्यांचा प्रश्न नेमका माझ्या वगळलेल्या दिवसांतला. एक अख्खा पावसाळा पुन्हा मोजावा लागला, आणि फेलोशिप काही त्यासाठी थांबत नाही. ती संपत आलीय.

म्हणून गेमवरचे ते लेख वाचताना मला राग येतो तो त्यांचा कमी आणि स्वतःचा जास्त.

जुलैत भुशी धरणाच्या पायऱ्यांवर बसून भिजणाऱ्यांना लोणावळा विचारा, ते म्हणतील पाणीच पाणी. त्याच डोंगरातल्या वाड्यांवर एप्रिल-मेमध्ये बायका हंडे घेऊन लांब जातात. लोणावळा फक्त पावसात बघणं म्हणजे रेन टीम फक्त पावसात तपासणं. टाटांना हे शंभर वर्षांपूर्वीच कळलं होतं. वळवण, लोणावळा आणि शिरवटा इथे पाणी अडवून ते घाटाखाली खोपोलीला सोडायचं आणि वीज करायची, हे १९१५ पासून चालू आहे. चार महिन्यांचा पाऊस वर्षभर पुरवायची ती सोय. भावाच्या भाषेत डॅम्प रॉक.

तुमच्या संशोधन प्रस्तावातलं सगळ्यात आवडतं वाक्य घ्या, ज्यावर तुमचा सगळा भरवसा आहे ते. त्याच्या आधी 'जर' लावून अट पूर्ण लिहा. मग ती अट तुमच्या डेटात किती दिवस, किती नमुने, किती टर्न पूर्ण होते ते मोजा. मार्गदर्शकांकडे जाण्याआधी मोजा. त्यांनी विचारल्यावर मोजायला घेतलं की काय होतं ते मी वर सांगितलंय.

भावाने टीम बदलली. फ्लोटझेल काढून गारचॉम्प घेतला, ज्याला पाऊस असला काय नि नसला काय सारखंच. पेलिपरचा दगड काढून बूट दिले. आतापर्यंत एकतीस लढती झाल्यात आणि जिंकण्याची टक्केवारी तो मला सांगत नाही, म्हणतो चारशे झाल्यावर सांगेन. मी कामशेतच्या मापकाच्या नरसाळ्यावर जाळी बसवलीय, दर तिसऱ्या दिवशी पाला काढायला जाते, आणि नोंदवहीत एक रकाना वाढवलाय: 'आज मापक चालू होता का?'